सरीसृप–उभयचर पेटी

सरीसृप व उभयचर या वर्गांतील प्राणी बंदिवासात ठेवण्यासाठी तयार केलेली, त्यांच्या नैसर्गिक अधिवासातील तापमान, आर्द्रता व प्रकाश यांची शक्य तितकी प्रतिकृती साधणारी आणि सामान्यतः लाकडी कवच व काचेचे दर्शनी अंग असलेली बंद रचना. तीत कोरडे वा दमट भूपृष्ठ असल्यास तिला टेरॅरियम आणि भूपृष्ठाबरोबर पाण्याचा साठाही असल्यास पॅलुडेरियम म्हणतात. प्राणिसंग्रहालये, संशोधनसंस्था, सर्पोद्याने व अलीकडच्या काळात हौशी पाळक या सर्वांना अशा पेट्या लागतात. तयार काचपेट्या मोठ्या शहरांत मिळतात. तथापि १ मी.पेक्षा लांब पेटी काचेची केल्यास ती अतिशय जड व ठिसूळ होते आणि उष्णता धरून ठेवत नाही. त्यामुळे मोठ्या प्राण्यांसाठी स्थानिक सुताराकडून मापानुसार लाकडी पेटी करवून घेण्याची पद्धत जगभर रूढ आहे.

हे प्राणी बाह्यतापी आहेत. सस्तन प्राणी व पक्षी अन्नाच्या ज्वलनातून शरीराचे तापमान राखतात. सरडा किंवा साप ते जागा बदलून राखतो. सकाळी तो उन्हात येतो, पुरेसे तापल्यावर सावलीत सरकतो. पचन, रोगप्रतिकार व प्रजनन या सर्व क्रिया या ये-जा करण्यावर अवलंबून असतात. भक्ष्य गिळल्यानंतर पुरेशी ऊब न मिळालेल्या सापाच्या पोटात ते पचण्याऐवजी कुजते व बहुधा उलटून पडते. म्हणून पेटीचे तापमान अमुक अंश असावे, हा प्रश्नच मुळात चुकीचा ठरतो. पेटीच्या एका टोकाला उष्ण व दुसऱ्या टोकाला थंड भाग असला पाहिजे आणि त्या दोहोंमधील निवड प्राण्याच्या हाती राहिली पाहिजे. पेटी लांबट का करावयाची, याचे उत्तर यातच आहे. घनाकृती पेटी कितीही मोठी असली, तरी तीत हा उतार नीट साधत नाही.

इतिहास : जिवंत साप बाळगण्याची भारतीय साधने लाकडी नव्हती. गारुडी वेताची वा बांबूची चपटी पेटारी वापरीत. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा येथे नागपंचमीपूर्वी पकडलेले नाग मातीच्या मडक्यांत तोंडाला फडके बांधून ठेवीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांनंतर या प्रथेवर निर्बंध आले. तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या सर्पपकड्यांनी १९७८ मध्ये स्थापन केलेली सहकारी संस्था विषसंकलनासाठी आणलेले साप आजही मातीच्या मडक्यांतच ठेवते व काही आठवड्यांनी ते पुन्हा रानात सोडते. सच्छिद्र मडके आतून गार व किंचित ओलसर राहते, काळोखामुळे साप शांत राहतो आणि फडक्यातून हवा खेळते. अल्प मुदतीसाठी ही व्यवस्था निर्दोष आहे. आधुनिक पेटीच्या रचनाकारांनी या साध्या भांड्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

यूरोपात या रचनेचा उगम वनस्पतींच्या निमित्ताने झाला. लंडनमधील वैद्य नाथॅनिएल बॅगशॉ वॉर्ड यांनी १८२९ च्या सुमारास पतंगाचा कोश एका बंद काचपात्रात ठेवला असता, त्यातील ओलसर मातीत नेच्याचे रोप आपोआप वाढत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. लाकडी चौकटीत काचा बसवून त्यांनी जी पेटी तयार केली, ती ‘वॉर्ड पेटी’ या नावाने प्रसिद्ध झाली. सिंकोनाची रोपे दक्षिण अमेरिकेतून निलगिरीपर्यंत पोहोचली, ती अशाच पेट्यांतून. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी जगातील पहिले सार्वजनिक गृह उघडले. तेथील एका रखवालदाराचा १८५२ मध्ये नागाच्या दंशाने मृत्यू झाला. त्याने मद्याच्या अंमलाखाली नागाला पेटीबाहेर काढले होते. पेटीचे कुलूप हे प्राण्याइतकेच माणसासाठीही असते, याची जाणीव त्या घटनेने करून दिली.

महाराष्ट्रात मुंबईच्या हाफकिन संस्थेत प्रतिविषाच्या निर्मितीसाठी विषारी साप दीर्घकाळ ठेवण्यात येत असत. पुण्याजवळ कात्रज येथे १९८६ मध्ये सर्पोद्यान सुरू झाले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची स्थापना १९९२ मध्ये झाल्यानंतर सार्वजनिक संग्रहांतील प्राणिगृहांना किमान मानके लागू झाली. घरगुती पेटीला अशी कोणतीही तपासणी नाही. तिचे गुणदोष सर्वस्वी मालकाच्या व सुताराच्या समजुतीवर राहतात.

कायदा : पेटीचे माप ठरविण्यापूर्वी तीत कोणता प्राणी ठेवावयाचा व तो ठेवण्यास मोकळीक आहे काय, हे पाहणे आवश्यक आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार नाग, घोणस, धामण, अजगर, घोरपड, तारा कासव इ. भारतीय प्राणी अनुज्ञेविना जवळ बाळगणे हा गुन्हा असून पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांच्या बाबतीत ३ ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे. पावसाळ्यात अंगणात आलेला साप उचलून पेटीत ठेवणे, हे कौतुकाचे कृत्य नसून दंडनीय कृत्य होय. २०२२ च्या दुरुस्तीने (अंमल १ एप्रिल २०२३ पासून) आंतरराष्ट्रीय व्यापारकराराच्या परिशिष्टांतील विदेशी प्राण्यांची, उदा., आफ्रिकेतील बॉल पायथन, हिरवा इग्वाना, ॲक्सोलॉटल यांची, नोंदणी करणे पाळकांवर बंधनकारक झाले. पुढील विवेचन अशा कायदेशीररीत्या बाळगलेल्या विदेशी प्राण्यांना, तसेच अनुज्ञाप्राप्त संस्थांना अनुलक्षून आहे.

हवामानाचा प्रश्न : पेटीविषयीचे बहुतेक उपलब्ध मार्गदर्शन समशीतोष्ण, कृत्रिमरीत्या ऊबदार ठेवलेल्या घरांसाठी लिहिलेले असते. ते सह्याद्रीच्या माथ्यावर जसेच्या तसे लागू पडत नाही, हे दाखविण्यास नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीइतके चांगले उदाहरण नाही. थळ घाटाच्या माथ्यावर सुमारे ६०० मी. उंचीवर वसलेल्या या गावी वर्षाला ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो व त्यातील जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्या काळात हवेची सापेक्ष आर्द्रता आठवडेच्या आठवडे ९० टक्क्यांच्या वर असते, धुके घरात शिरते, कपडे वाळत नाहीत आणि चामड्याच्या वस्तूंवर बुरशी चढते. मार्च–एप्रिलमध्ये हीच हवा इतकी कोरडी होते, की दारांच्या फटी उघडतात. हिवाळ्यातील रात्री तापमान १०° से.च्या आसपास उतरते.

लाकूड हा आर्द्रताशोषक पदार्थ असून भोवतालच्या हवेनुसार ते पाणी घेते वा सोडते. कोरड्या ऋतूत त्यातील पाण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्के, तर भर पावसाळ्यात ते १८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. सागवान हे या बाबतीत सर्वांत स्थिर लाकडांपैकी आहे. तरीही त्याची ४५ सेंमी. रुंद अखंड फळी या दोन टोकांमध्ये आडव्या दिशेने अर्ध्या सेंटिमीटरहून अधिक फुगते वा आकसते. प्रस्तुत लेखकाने इगतपुरीतील एका परिचिताकडे मे महिन्यात सागवानी दाराची पेटी करवून घेतली होती. जुलैत ते दार चौकटीत असे घट्ट बसले, की उघडेना. सुताराने त्यावर रंधा मारून ते मोकळे केले व सर्वांचे समाधान झाले. पुढील मार्चमध्ये त्याच दाराच्या कडेला ६ मिमी.ची फट पडली आणि पेन्सिलीएवढ्या जाडीचे कॉर्न सापाचे पिल्लू तीतून निसटले. ते तीन दिवसांनी धान्याच्या कोठीमागे सापडले. दोष रंध्याचा नव्हता. अखंड फळीचे दार करण्याचा निर्णयच चुकला होता, आणि तो निर्णय सुताराचा नसून लेखकाचा होता.

लाकडाची निवड : यावरून कवचासाठी अखंड फळीऐवजी प्लायवुड श्रेयस्कर ठरते. त्यातील पातळ थरांचे तंतू एकमेकांशी काटकोनात असल्याने कोणत्याही दिशेने फुगणे नगण्य असते. बाजारातील साध्या दर्जाचे प्लाय आर्द्रतेने सुटते. भारतीय मानक आयएस ७१० नुसार बनविलेले, उकळत्या पाण्याला टिकणाऱ्या राळेने जोडलेले ‘मरीन’ प्लायवुड महाग असले, तरी उभयचरांच्या व दमट पेट्यांसाठी तेच घ्यावे. रखरखीत प्रदेशातील सरड्यांसाठी आयएस ३०३ मधील वरच्या दर्जाचे पुरते. भुसा दाबून केलेले पत्रे सर्वथा टाळावेत. कडेला एकदा पाणी लागले, की ते पावासारखे फुगतात. चौकटीच्या पट्ट्या, पाय व दर्शनी कडा यांसाठी सागवान उत्तम, कारण त्या अरुंद असल्याने त्यांचे फुगणे अल्प असते व त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, परंतु त्याला भुंगेऱ्यांची कीड लवकर लागते. देवदार व तत्सम सुगंधी लाकडे मात्र वापरू नयेत; माणसाला सुखद वाटणारी त्यांची उडनशील तेले बंद जागेत सापांच्या श्वसनमार्गाला व चेतासंस्थेला अपायकारक ठरतात. तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या लवणांनी मुरविलेले जुने खांब वा फळ्या वापरण्याचा मोह होतो, तोही आवरावा.

माप व बांधणी : १.२ मी. लांबीच्या सापासाठी किंवा मध्यम आकाराच्या सरड्यासाठी १२० × ६० × ६० सेंमी. हे माप आता किमान मानले जाते. सापाला वेटोळे घालून बसण्यापुरती जागा पुरते, हा जुना समज होता. आता सापाला पूर्ण लांबीने सरळ होता आले पाहिजे, असा आग्रह धरला जातो व तो योग्य आहे. सुदैवाने हे माप प्लायवुडच्या प्रचलित ८ × ४ फूट (२४४ × १२२ सेंमी.) पत्र्यातून जवळजवळ काहीही वाया न जाता निघते. पत्र्याच्या लांबीवर प्रत्येकी ६० सेंमी.च्या चार पट्ट्या पडतात. त्यांपैकी तीन पट्ट्या म्हणजे तळ, छत व पाठ. चौथीचे दोन समान तुकडे म्हणजे दोन्ही बाजू. करवतीच्या वाटेत जाणारे प्रत्येकी सुमारे ३ मिमी. शिल्लक राहणाऱ्या ४ सेंमी.त सामावतात. पाठ दोन्ही बाजूंच्या मध्ये बसवावयाची असल्यास १२ मिमी. जाडीच्या प्लायमध्ये तिची लांबी २.४ सेंमी. कमी करावी लागते, हे कापण्यापूर्वीच सुताराला सांगावे. असे रिकामे कवच सुमारे २० किग्रॅ. भरते. काचा, माती, दगड व पाणी धरून पेटी पूर्ण सजल्यावर हे वजन तिप्पट-चौपट होते. तेव्हा ती भिंतीतील फडताळावर न ठेवता स्वतंत्र घडवंचीवर ठेवावी.

सांध्यांत केवळ खिळ्यांवर विसंबू नये. जलरोधक गोंद लावून स्क्रूने आवळलेला सांधा पावसाळ्यात सैल होत नाही. पुढील बाजूस तळाशी ८ ते १० सेंमी. उंचीची आडवी पट्टी असते. ती माती बाहेर सांडू देत नाही. वरच्या बाजूस ६ सेंमी. पट्टी दिवे झाकते. या दोन पट्ट्यांमध्ये खाचपट्ट्या बसवून त्यांतून ५ मिमी. जाडीच्या दोन काचा एकमेकींवरून सरकतात. वरची खाच खालच्या खाचेच्या दुप्पट खोल ठेवण्यात या रचनेचे मर्म आहे : काच प्रथम वर उचलून मग खालच्या खाचेत सोडता येते, आणि तशीच उचलून काढता येते. बिजागरीच्या दारापेक्षा ही पद्धत इगतपुरीसारख्या हवेत निःसंशय चांगली, कारण काच फुगत नाही. दोन काचांच्या मधल्या फटीतून लहान पिल्ले निसटू शकतात. तेथे पारदर्शक पट्टी चिकटवावी आणि काचांना लावावयाचे दातेरी कुलूप न विसरता लावावे. साप डोक्याने काच रेटतो व आश्चर्य वाटावे इतक्या चिकाटीने रेटत राहतो.

लेप : उघडे प्लायवुड मूत्र व पाणी शोषते आणि मग त्याला दुर्गंधी सुटते. कोरड्या पेटीस आतून पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेनाचे तीन हात पुरतात. बेडकांच्या पेटीस तळापासून किमान २० सेंमी. उंचीपर्यंत काचतंतूंच्या कापडासह इपॉक्सी राळेचा अखंड थर द्यावा लागतो व कोपऱ्यांत सिलिकोन भरावे लागते. लेप कोरडा दिसणे व तो पूर्ण पक्व होणे या भिन्न गोष्टी आहेत. सिलिकोनामधून ॲसिटिक अम्ल बाहेर पडते, इपॉक्सीमधील न जुळलेले घटक त्वचेला दाह करतात आणि उभयचरांची त्वचा तर श्वसनाचे व पाणी शोषण्याचे इंद्रिय आहे. दमट ऋतूत लेप पिकण्यास दोन आठवडे धरावेत. पेटी दिवसभर बंद ठेवून उघडल्यावर नाकाला काहीही जाणवले, तर ती अद्याप तयार नाही. पेटीचे काम एप्रिलमध्ये आटोपणे सर्वांत सोयीचे. आषाढात लावलेला लेप श्रावणातही चिकट राहतो.

ऊब, प्रकाश व वायुवीजन : लाकडाची उष्णतासंवाहकता काचेच्या सुमारे आठवा हिस्सा असल्याने लाकडी पेटी ऊब चांगली धरते. वर दिलेल्या मापाच्या पेटीस साधारणतः ८० ते १०० वॉटचा चिनी मातीचा तापक एका टोकाच्या छताला पुरतो. बॉल पायथनसाठी उष्ण टोक ३२° से. व थंड टोक २५° से.च्या आसपास असावे. ऑस्ट्रेलियातील दाढीवाल्या सरड्याला बसण्याचा दगड ४०° से.पर्यंत तापलेला लागतो. तापक तापनियंत्रकाविना कधीही जोडू नये व त्याभोवती जाळी असावी. साप उष्ण वस्तूला वेटोळे घालतो आणि त्वचा भाजत असतानाही दूर होत नाही. लाकूड ज्वलनशील असल्याने तापक व छत यांमध्ये मोकळी जागा किंवा धातूची तबकडी ठेवावी, वायरी पेटीबाहेरून न्याव्यात आणि मंडलात ३० मिलिअँपिअरला तुटणारा गळतीरक्षक बसवावा. ओलावा व २३० व्होल्ट एकत्र नांदत असलेल्या जागी ही चैन नव्हे.

दिवाचर सरडे व कासवे यांना जंबुपार किरणांची गरज असते. २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांमुळे त्वचेत ड३ जीवनसत्त्वाची पूर्वावस्था तयार होते. तिच्याअभावी कॅल्शियम शोषले जात नाही, हाडे मऊ होतात, जबडा रबरासारखा वाकतो व प्राणी हळूहळू पंगू होतो. साधी काच हे किरण अडविते. म्हणून खिडकीजवळ पेटी ठेवण्याने हा प्रश्न सुटत नाही. उलट बंद पेटी उन्हात अर्ध्या तासात प्राणघातक तापते. दिवा पेटीच्या आत व प्राण्यापासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर असावा. डोळ्यांना तो पूर्ववत् तेजस्वी दिसत असला, तरी त्याचे जंबुपार उत्सर्जन काही महिन्यांतच क्षीण होते. तो वर्षाच्या आत बदलावा.

वायुवीजनासाठी थंड टोकाला तळाजवळ व उष्ण टोकाला छताजवळ जाळीची भोके ठेवतात. तापलेली हवा वर जाऊन बाहेर पडते व खालून ताजी हवा आत ओढली जाते. पुस्तकांतून आर्द्रता वाढविण्यासाठी रोज पाणी फवारण्याचा सल्ला असतो. इगतपुरीच्या पावसाळ्यात तो धोकादायक आहे. बाहेरची हवाच जवळजवळ संपृक्त असते, दिवसाचे तापमान २१° ते २५° से.च्या दरम्यान रेंगाळते आणि वादळी रात्री वीज गेली, की पेटीतील ऊबही जाते. थंडी व ओल यांच्या या संयोगाने सापांना श्वसनमार्गाचा संसर्ग होतो. तोंड उघडे ठेवून, मान उंचावून बसलेला व श्वासाबरोबर बुडबुडे काढणारा साप हे त्याचे लक्षण होय. उपाय फवारणी थांबविणे, वरची जाळी पूर्ण उघडणे, तळाचे आच्छादन कोरडे ठेवणे आणि पाठीला व बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावणे हा आहे. वीज जाण्याच्या रात्रींसाठी कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली हाताशी असावी. एप्रिलमध्ये याच पेटीला अर्धी जाळी झाकून दररोज फवारणी करावी लागते. थोडक्यात, वायुवीजनाची भोके झडपांची असावीत. परदेशी आराखड्यांत ही झडप क्वचितच दाखविलेली आढळते.

उभयचरांची पेटी : बेडूक, भेक व सॅलॅमँडर यांना वरच्या टोकाची ऊब नको असते, बहुतेकांना १८° ते २४° से. मानवते व २८° से.च्या पुढे त्यांतील अनेक जाती तग धरीत नाहीत. तळाशी जाड वाळूचा किंवा मातीच्या भाजलेल्या गोळ्यांचा निचऱ्याचा थर, त्यावर जाळी व त्यावर माती, पाचोळा आणि शेवाळ अशी रचना करतात. तळाला एका कोपऱ्याकडे किंचित उतार देऊन तेथे नळी बसविल्यास साचलेले पाणी उपसता येते. नळाचे पाणी क्लोरीन काढून टाकल्याखेरीज वापरू नये.

स्वच्छता व रोग : लाकडी पेटीचा खरा दोष येथे आहे आणि तो लपविण्यात अर्थ नाही. काच उकळत्या पाण्याने धुता येते, लाकूड नाही. सापांवरील गोचिडीसारखे सूक्ष्म परजीवी सांध्यांच्या फटीत अंडी घालतात व मालकाला ते दिसेपर्यंत त्यांच्या कित्येक पिढ्या झालेल्या असतात. नवा प्राणी म्हणूनच काही आठवडे वेगळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात, कागदाच्या अंथरुणावर ठेवून निरीक्षिल्याशिवाय लाकडी पेटीत सोडू नये. सरीसृपांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू सर्रास असतात. पेटी स्वयंपाकघरात धुऊ नये व लहान मुलांनी प्राणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

उभयचरांच्या पेटीतील सांडपाण्याचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. १९९९ मध्ये वर्णिलेल्या बॅट्रॅकोकायट्रियम डेंड्रोबॅटिडिस या कवकाने जगभर बेडकांच्या अनेक जातींचा ऱ्हास घडविला असून पाळीव उभयचरांचा व्यापार हे त्याच्या प्रसाराचे एक साधन ठरले आहे. हे कवक पश्चिम घाटातही आढळले आहे. इतरत्र कोठेही न सापडणारे बेडूक व देवगांडूळ या घाटात राहतात आणि इगतपुरीसारख्या गावात प्रत्येक घरामागचे गटार दोन-चार ओघळांतून त्यांच्याच अधिवासात जाते. पेटीतील पाणी, माती व मृत प्राणी उघड्यावर टाकू नयेत. पाणी विरंजक चूर्णाने निर्जंतुक करून मगच सोडावे व माती जाळावी किंवा उकळावी. कंटाळा आला म्हणून विदेशी प्राणी ओढ्यात सोडणे हेही याच प्रकारात मोडते. लालकानी कासवे अशाच मार्गाने भारतातील अनेक तलावांत पोहोचली आहेत. पेटी करवून घेणाऱ्याने तिच्या आयुष्यापेक्षा प्राण्याच्या आयुष्याचा हिशेब आधी करावा : चांगले प्लायवुड दमट हवेत दहा-बारा वर्षे टिकते, बॉल पायथन बंदिवासात तीस वर्षे जगू शकतो आणि कासव त्याहूनही अधिक.